कार्तिकीचं पोट आणि आमची तणावमुक्त शाळा

अकोल्याच्या एका शाळेत मी खेळाची मॅडम. हेडसरांनी ‘तणावमुक्त शाळा’ हा उपक्रम काढल्यापासून आमच्या स्टाफरूममध्ये किश्श्यांना तोटा नाही. एक सांगून होत नाही तोवर दुसरा दारात उभा!

सुरुवात झाली दहावीतल्या कार्तिकीपासून. पोरगी हुशार, पण गणिताची टेस्ट म्हटली की पोट धरून बसायची. गणिताला गावंडे सर. ते वर्गात शिरले की पंख्याचासुद्धा आवाज बंद होतो.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. “रविवारी दुखते का?” त्यांनी विचारलं.

“नाही जी, रविवारी त चार पोळ्या खाते,” आई म्हणाली आणि तिथून थेट हेडसरांकडे आली. “सर, पेपर रविवारीच घेत जा ना.”

हेडसर म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवतो. आणि खरंच ठेवलं.

मग निघाला हास्ययोग. प्रार्थनेनंतर दोन मिनिटं सगळ्यांनी हसायचं. पोरं काही हसेनात. हेडसर माइकवर कडाडले, “जो हसनार नाही, त्याले ऑफिसात आना!” कार्तिकी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, याचे इंटर्नलले मार्क हायेत का?”

पुढे अमरावतीहून समुपदेशक मॅडम आल्या. मुलांना खेळू द्या, हे त्यांनी इतक्या कळकळीनं सांगितलं की माझा खेळाचा तास त्यातच गेला. पोरं ग्राउंडकडे बघत टाळ्या वाजवत होती.

इकडे कार्तिकी वाळत चालली होती. गणिताच्या पूर्वपरीक्षेला बसतच नाही म्हणाली. मला तर बाई धास्तीच बसली.

पण पेपरला आली. पूर्ण लिहिला, पोटाला हातही लावला नाही. हेडसरांनी तिला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलावलं. “आपल्या कोणत्या उपक्रमाचा फायदा झाला, सांग बेटा.”

कार्तिकी चाचरली. गावंडे सर कोपऱ्यात चहा पीत होते.

“सर, काल आईसंगं गावंडे सरांच्या घरी गेली होती, पेपरले बसत नाही म्हनून सांगाले. त सरांची आई सरांले बोलून राहिली होती. ‘लहान्या भावाले पाह्य, पुन्यात बंगला बांधला. तू काय केलं?’ सर मान खाली घालून उभे होते. मग मले भेवच नाही वाटलं.”

गावंडे सरांनी कप खाली ठेवला.

“लहाना दिवाळीले येते ना,” ते म्हणाले, “तवा सकाळपासून माह्यंही पोट दुखते.”