संडासातलं मौन

सोमवारी सकाळी आमचे म्हातारे संडासात गेले ते बाहेर यायचं नाव नाही. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं... कुंथायचं नाही, छातीवर ताण येतो.

पण ऐकतो कोण! कवळी टोचते म्हणून दोन्ही वेळ चहात बुडवलेला मऊ पाव. भाजी ताटाच्या कडेला. पाणी नको, कारण मग उठावं लागतं. दिवसभर खुर्चीत... पोटाचा दगड नाही होणार तर काय?

तर, चहा निवला. मी दार ठोकलं. "अहो, बरे आहात ना?" उत्तर नाही. परत ठोकलं... नाही. आतून कडी. सून रडायला लागली, तिला म्हटलं, "रडतेस कसली, आधी तुझ्या घोवाला हाक मार!"

मुलगा पहार घेऊन धावत आला. "आई, बाजूला हो." पहिला घाव बसला, बिजागरी निखळली... आणि आतून टमरेल आपटल्याचा आवाज. खण्, खण्, खण्! चांगला रागात.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. संडासात बोलू नये, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. सासूबाई कधीच्या गेल्या, पण लेकाचं तोंड अजून बंद! आम्ही बाहेर अर्धे मेलो, हा माणूस आत मौन पाळतोय.

बाहेर आले, सावकाश पाय धुतले, मग तोंड उघडलं. "दार कोणी मोडलं?"

"तुमच्या आईनं!" मी म्हटलं.

तशीच त्यांची वरात डॉक्टरकडे नेली. हे एरंडेल मागत होते, डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. हृदयाचा माणूस, म्हणून पाणी किती प्यायचं तेही त्यांनीच ठरवून दिलं. आता पाववाला पोदेर सायकलवरून येतो तेव्हा पाव नाही, कोंड्याची पोय घेते आणि कुळथाच्या सारात भिजवून देते. तांबडी भाजी मऊ शिजवून, वर पपई. जेवल्यावर अंगणात फेऱ्या. लागली की लगेच जायचं, नाही झाली तर उठून यायचं... आत जोर काढत बसायचं नाही. हळूहळू पोट साफ व्हायला लागलंय.

कडी मी काढूनच टाकली. ते आत गेले की मी बाहेर तांदूळ निवडत बसते. मी हाक मारायची, त्यांनी टमरेल वाजवायचं, असं ठरलंय.

जन्मभरात त्यांचं बोलणं मला कधी गोड लागलं नाही... पण ते टमरेल वाजलं ना, की तांदळातले खडे परत दिसायला लागतात.