सिनेमा थांबवून सत्कार

हिंगोलीच्या कलादालनातले शिपाईमामा पाहुण्यांच्या सत्कारासाठी शाल आणि नारळ कायम हाताशी ठेवतात. चित्रं बघायला कुणी नवं माणूस आलं, तरी त्यांचा हात आपोआप नारळाकडे जातो.

परवा दालनात खुनाचा सिनेमा होता. खुनी कोण ते आता कळणार, तेवढ्यात मामांनी सिनेमा थांबवून दिवे लावले. प्रमुख पाहुणे आत्ता कुठे पोचले होते. त्यांना शाल पांघरत मामा माइकवरून म्हणाले, "साहेब, उशीर झाला म्हणून तकलीफ करून घेऊ नका. खून माळ्यानं केला. आता बसा निवांत."

आम्ही सगळे ओरडलो. मामा दुखावले.

"काहून ओरडून राहिले? पाहुणा उशिरा आला, तर त्याला तुमी घरी वाढत न्हाई का?"