जवल्याची मूठ

सुकत घातलेला जवला, म्हणजे ती नखाएवढी बारीक कोळंबी, वाळला की नाही, हे आमच्याकडे कुणी डोळ्यांनी बघत नाही. गप्पा मारता मारता मूठ भरायची, दाबायची, सोडायची. हाताला कळतं. लग्न होऊन रेवदंड्यात आले, तेव्हापासून घरातला जवला माझ्याच मुठीने पास केला. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताचे सांधे सुजायला लागले. सकाळी मूठच वळेना. काळजी वाटण्याऐवजी मला रागच आला. हात पदराखाली झाकायला लागले, चहासुद्धा डाव्या हाताने गाळायला लागले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, ‘‘त्या मेल्याचं नाव काढू नका.’’

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं, शरीराची राखण करणारी यंत्रणाच तुमच्या सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उठलीय. सुजेने मनगटातली शीरही दबलीय, बोटांना स्पर्श नीट कळणार नाही. यात तुमचा काही दोष नाही, असंही म्हणाल्या. ते काही मला पटलं नाही. हाताला आधी परकं कुणी केलं, शरीराने की मी? हा प्रश्न त्यांना विचारायची लाज वाटली.

या मे महिन्यात हट्टाने मीच मूठ भरली. कोरडा लागला. पावसाळ्याच्या बेगमीचा सगळा जवला डब्यांत भरून झाकणं घट्ट लावली. आठ दिवसांनी धाकट्या जावेने एक झाकण उघडलं आणि घरभर घाण वास सुटला.

‘‘वयनी, ओलाच भरला व्हता. हाताला लागला न्हाय का?’’

‘‘घाईत झालं,’’ म्हणाले. खरं सांगायची भीती वाटली. सगळा जवला उकिरड्यावर गेला.

पुन्हा जवला आणून सुकत घातला. जावेला काय ते कळलं असावं. चौथ्या दिवशी तिने मला जवल्यापाशी बसवलं. ‘‘डोळं मिटा नि सांगा.’’

मी डोळे मिटले. या वेळी चुकायचं नव्हतं. तिने माझं मनगट उचललेलं कळलं, आणि मग बोटांना काहीतरी कोरडं, भुरभुरीत लागल्यासारखं वाटलं.

‘‘वाळला,’’ मी घाईघाईने म्हणाले.

मी डोळे उघडले. जवला अजून वीतभर खाली होता. माझी बोटं तिच्या पाण्याने निथळणाऱ्या मुठीत होती.