रेवदंड्याची कॉपी

भुतंखेतं, करणी, स्वप्नातले इशारे... यातलं मी काही मानत नाही, आणि मानणाऱ्यांची चेष्टा करायला मला भारी आवडतं. म्हणूनच इथे इस्राएलात, बेर्शेबात शेजारणी मला असल्या गप्पांना बोलवत नाहीत. पण या पानावर सगळे आपापलं सांगतात, तर माझंही ऐका. हसलात तरी चालेल.

१९६२ साल. मी, रिबेका, नऊ वर्षांची, आणि अकलेच्या नावानं शून्य. आम्ही कोकणातले ज्यू; आमचं इस्राएलला जायचं ठरलं होतं. म्हणजे बाकीच्यांचं ठरलं होतं, माझं नाही. बाबांची आई रेवदंड्याला मागे राहणार आणि मी जायचं? छे!

निघायच्या आधी बाबांनी सगळ्यांना भायखळ्याला एका स्टुडिओत नेलं. मला वाटलं, हाच पासपोर्टचा फोटो. लगेच डोकं चालवलं — डोळे गच्च मिटून घेतले. फोटो बिघडला की पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही की जाणं नाही! पासपोर्ट कधीच तयार होऊन कपाटात पडले होते, हे त्या शहाणीला कोण सांगणार? हा फोटो नुसता आठवणीचा. एक कॉपी आम्हाला, एक आजीला.

आजी फोटोत आली नाही. "जाणाऱ्यांचा काढा," म्हणाली आणि बाजूच्या बाकड्यावर बसून राहिली. फोटोवाल्यानं एकदाच बटण दाबलं. दोन्ही कॉप्या अगदी सारख्या आल्या — बाबांच्या टोपीवर माशी, धाकट्या बेन्नीचा हलवलेला हात धुरकट, आणि मी डुलक्या घेणाऱ्या कोंबडीसारखी. आईनं पाठीत धपाटा घातला. आजी मात्र म्हणाली, "असूं दे गं. मी लावीन तिला डोळे उघडायला."

विमानातून उतरवलं ते ट्रकमध्ये बसवलं, आणि थेट वाळवंटातल्या ओफाकिमला. चहूकडे माती. मी विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला?" ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं म्हणून वाचले.

पुढच्या वर्षी माझे डोळे आले. साधे नाहीत... धुळीच्या वादळानंतर असे चिकटले की बेर्शेबाच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डॉक्टर हिब्रूत काहीतरी सांगायचे, बाबा "केन, केन" — हो, हो — म्हणायचे, आणि डॉक्टर गेले की आई विचारायची, "दिसेल ना हो पोरीला?"

बाबा माझं पांघरूण सारखं करायचे.

मग एकदा म्हणाले, "रेवदंड्याला एक अक्षर कळवायचं नाही. म्हातारी जीव टाकेल."

मी पट्टीखाली पडून एकच विचार करायची — फोटोत मी आपणहून डोळे मिटले, ते देवानं खरंच धरलं. आता आजी आली तरी मला दिसायची नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी पट्टी काढली. आधी नुसता उजेड... मग आईच्या पातळाचा हिरवा काठ. आई इतकी रडली की नर्सनं तिलाच खुर्चीत बसवलं.

दोनेक आठवड्यांनी काकाचं पत्र आलं. बाबांनी मोठ्यानं वाचलं: "दादा, आईचं आता वय झालं. दर शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावला की फोटोतल्या रिबूवर ओरडते, 'डोळे उघड गं भवाने, दिवा लावलाय!' परवाच्या शुक्रवारी म्हणते, उघडले. आज एलियाहू हनाबीच्या नावानं पोहे भिजवून, नारळ किसून मलिदा करायला बसली आहे." एलियाहू हनाबी हा आमचा पैगंबर; नवस फिटला की त्याच्या नावानं मलिदा करतात.

बाबांनी पत्रावरची तारीख पाहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. आणि एका चौकोनावर थांबवलं. तोच शुक्रवार.

१९६४ मध्ये काका इकडे आला. आजीही यायची होती, कागदपत्रं झाली होती... दोन महिने आधी गेली. काकानं ट्रंकेतून तिच्या लुगड्यात गुंडाळलेला फोटो काढला. टोपीवर माशी. बेन्नीचा धुरकट हात. आणि मी — टक्क उघड्या डोळ्यांची.

"तेव्हाच पाहिलं होतं रे," काका बाबांना म्हणाला. "लिहायची हिंमत झाली नाही. मला येडा म्हटला असतास."

माझी नात नोआ तेल अविवला कॉम्प्युटरचं काम करते. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, मला सब्ता म्हणजे आजी म्हणते. तिला दोन्ही कॉप्या दाखवल्या.

"सब्ता, दोन फोटो काढले असतील."

"आणि माशी?"

"माशी बसून राहते."

"बेन्नीचा हात दोन्ही वेळा तस्साच हलला?"

"मग डोळे नंतर रंगवले असतील," म्हणाली, आणि फोटो मोठा करून बघत बसली. मग म्हणाली, "रंग नाहीये. पण सब्ता, बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. तू कुठे बघतेयस?"

त्या बाजूला आजीचं बाकडं होतं.

याचा खुलासा साठ वर्षांत मला मिळालेला नाही. आम्ही आणलेल्या कॉपीतली पोरगी अजून डोळे मिटूनच उभी आहे. शुक्रवारी दिवा लावला की मीही तिच्यावर ओरडून बघते, आजीचेच शब्द, अगदी 'भवाने'सकट. कार्टी ढिम्म हलत नाही.

आवाज माझा आहे ना... ओळखते ती.