भानूदादाच्या पेट्यांचं साखरपाणी

पावसाच्या आधी आमच्या पारनेरच्या शिवारात औषधालाही फूल सापडत नाही. मधमाश्या पाळणारे आम्ही मग फोनवर एकमेकांना एकच विचारतो, "पेट्या हायेत ना?" अशा धास्तीच्या दिवसांतच किस्से लई साचतात, आणि त्यातले बहुतेक भानूदादाचे! यंदा त्याच्या निम्म्या पेट्यांतल्या माश्या उपाशीपोटी उठून गेल्या. उरलेल्या जगवायला रोज संध्याकाळी गॅसवर पातेलंभर साखरपाणी.

*

दुकानात दादा साखरेचं पोतं खांद्यावर घेत होता. दुकानदार म्हणाला, "परत पोतं? घरात कार्य काढलंय का काय?"

"कार्य कसलं! खानारी तोंडं लई हायेत."

"पावणे का?"

"पावणे परवडले! ते निदान जातात तरी सांगून!"

*

कुणीतरी सांगितलं, देवळालीला ऊस आहे, पाणी आहे, फुलं आहेत, पेट्या तिकडं ने. दादानं टेम्पो केला. पण फुलं सोडून माश्या गेल्या शेजारच्या गुऱ्हाळावर आणि रसाच्या उकळत्या कढईत पडायला लागल्या! गुऱ्हाळवाल्याचा फोन आला, "दादा, या न्यायला. माझा गूळ नासतोय."

"तुझा गूळ नासतोय व्हय? माझं घर बुडतंय!" दादा टेम्पो घेऊन परत.

*

लेकीला बघायला सावेडीचे पाहुणे आले. चहा एकदम फिका! मुलाच्या वडिलांनी दबकत विचारलं, "घरात कुणाला शुगर आहे का?"

मंदावहिनी, म्हणजे दादाची बायको, लाजून म्हणाल्या, "न्हाई हो, साखर सगळी माश्यांना गेली."

"मग मध घाला की चमचाभर!"

दादा ताडकन उठला. "त्यांच्या तोंडचा काढू का?"

पाहुण्यांनी नंतर काही कळवलं नाही. वहिनी दादाशी बोलेनात.

*

साखरपाणी सगळ्या पेट्यांना एकदमच द्यायचं, हे दादाला पाठ. पण एक पेटी फारच मलूल दिसली. "आजारी लेकराला आधी घास," म्हणत त्यानं तिला एकटीलाच दिलं. वासानं शेजारच्या दणकट पेटीतल्या माश्या तिच्यावर तुटून पडल्या. दारात मेलेल्या माश्यांचा सडा! दादा जेवला नाही.

*

आणि परवाचं, मी दादाकडंच होतो. दादाची सगळ्यात जुनी पेटी, बाकीच्या सगळ्या हिच्यातूनच वाढवलेल्या. दिवस मावळत आला तरी दारात एक माशी दिसेना. अशा वेळी पेटीवर टकटक करायची; आत जीव असला तर गुणगुण ऐकू येते. दादानं टकटक केली, कान लावला. पुन्हा केली. तोंड पांढरं पडलं.

"मंदे, काय बी ऐकू येत न्हाई गं. गेली."

वहिनींनी त्याला बाजूला सारलं. "आवो, तुमची छाती केवढ्यानं धडधडतीय! त्यात काय ऐकू येनार?"

मग त्यांनी स्वतः कान लावला. किती वेळ तरी हलल्याच नाहीत. आम्ही दोघं नुसते बघत उभे.

शेवटी पदर खोचत उठल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भावजी, पातेलं ठेवा गॅसवर."