न कापलेलं लग्न

मालिकेत आदिवासी बाई आली की ती कितव्या भागात मरते, याकडे तुम्ही कधी लक्ष दिलंय का? ताईचं लक्ष होतं. नटी म्हणून ती जवळजवळ प्रत्येक कामात मेली होती. साप चावून, गोळी लागून, नायकाला वाचवताना. म्हणून नवी संहिता हातात आली की पहिलं पान उघडायच्या आधी ती विचारायची, "मला कधी मारताय?"

दिग्दर्शक हसायचे. ती हसत नसे. उत्तर येईपर्यंत थांबायची.

तुंगारेश्वरच्या डोंगराखाली तिचा पाडा. ती वारली समाजाची. आश्रमशाळेत शिकत असताना तिथल्या जंगलात शूटिंग आलं. त्यांना काट्यांतून अनवाणी पळणारी मुलगी हवी होती, ती पळाली. पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या पडद्यांवर ती पळतच राहिली. मेकअपवाला तिच्या चेहऱ्यावर काळा रंग चढवू लागला की ती आरशातून म्हणायची, "दादा, आहे तेवढी काळी पुरत नाही का?"

मग तिने अभिनय सोडला आणि स्वतः निर्माती झाली. विरार पूर्वेला फरशीच्या दुकानावर ऑफिस थाटलं. तिथे मी संवाद लिहायला गेले. कोणी "मॅडम" म्हटलं की ती म्हणे, "मॅडम बँकेत असतात." म्हणून सगळ्यांची ताई. ऑफिसात ती शाळेतली मराठी बोलायची. तापली की पाड्यावरची.

मी मोर्चे आणि पत्रकांच्या घरातली. आमच्याकडे वाणसामानाची यादीसुद्धा पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिली जाई. माझ्या पहिल्याच प्रसंगात विहिरीवरची बाई जल, जंगल, जमिनीवर पान भरून बोलली. ताईने शांतपणे वाचलं.

"हंडा भरलेला हाय ना तिचा?"

"हो."

"मग डोक्यावर घेऊन येवढं बोलून बघ."

पान परत आलं. माझी मतं तीच राहिली, आजही आहेत. बायका मात्र हंडा खाली ठेवून बोलू लागल्या.

तिची पहिली मालिका पाड्यावरून नर्सिंगला गेलेल्या मुलीची होती. तिचा नियम एकच, या मालिकेत कोणी मरणार नाही. वाहिनीचा माणूस अंधेरीहून यायचा. तरुण, गोड बोलणारा.

"ताई, एखादा मृत्यू तरी? म्हातारा चालेल."

"म्हातारा माझा लाडका आहे."

"मग लग्न करू या. नायिकेचं. तुमचं ते सगळं अस्सल, नाच, गाणी, भिंतीवरची चित्रं. लग्नाने मालिका उभी राहील, नाहीतर वरचे लोक बंद करतील."

ताई लग्नाला तयार झाली. कलादिग्दर्शकाने कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवरच्या वारली चित्रातला गोल नाच सेटवर जशाच्या तसा उतरवला. ताईने तो पुसून टाकायला लावला. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, तांदळाच्या पिठाने सवाशिणी काढतात, आणि तोही लग्न असेल तेव्हाच. म्हणून तिने पाड्यावरच्या सवाशिणींना बोलावलं. सोबत धवलेरीला. वारल्यांत लग्न धवलेरी लावते. ही बाई चौकासमोर बसते आणि गाऊन लग्न लावते. ही धवलेरी ताईची मावशी लागायची.

म्हातारी सेटवर आली. मांडव बघितला, मुंडावळ्यांतली नायिका बघितली.

"ही पोर कोनाची?"

"नालासोपाऱ्याची आहे मावशे. खोटं लगीन हाय, मालिकेतलं."

"खोटं?" म्हातारी तिथेच बसली. "खोट्याला मी तोंड उघडनार नाय. मी गायलं म्हनजे लागलं."

नायिकेचं काम करणाऱ्या मुलीची आई खुर्चीतून उठली. "म्हणजे? माझ्या मुलीचं लग्न लागेल? ह्याच्याशी?" नायकाची बायको त्या दिवशी सेटवर आली होती, ती हसून हसून लाल झाली. "घेऊन जा हो," ती म्हणाली, "घोरतो मात्र."

वाहिनीच्या माणसाने तोडगा काढला. म्हातारीने नुसते ओठ हलवावेत, आवाज नंतर मुंबईतल्या गायिकेचा लावू. सवाशिणींचे हात थांबले. चौक अर्धा झाला होता. त्या ताईकडे बघत होत्या. ताईने खोटं लग्न लावलं असतं, तर मालिका वाचली असती आणि पाड्यावर ती पुन्हा मान वर करून गेली नसती.

तिने दिवेवाल्याला हाक मारली. दिवेवाला म्हणजे तिचाच माणूस. दोघांची मुलगी कॉलेजात होती, पण लग्न राहिलं होतं. आमच्याकडे याचा गवगवा झाला असता. पाड्यावर कोणी विचारत नाही. माणसं एकत्र राहतात, मुलं होतात, जमेल तेव्हा लग्न लागतं. अट एवढीच की मुलांच्या लग्नाआधी आईबापाचं उरकायचं.

"लिही," ताई मला म्हणाली. "नायिकेचं लग्न थांबलं. आईबापाचं बाकी आहे. आधी त्यांचं लागणार."

"आईचं काम कोण करणार?"

तिने नायिकेच्या डोक्यावरून मुंडावळ्या उतरवल्या आणि स्वतः बांधल्या.

धवलेरी गाऊ लागली. त्या गाण्याला घाई नसते. त्यात देव येतात, पाणी येतं, तांदूळ येतो, मांडवाचा एकेक खांब येतो. नवरदेवाला मात्र सवय सुटत नव्हती. मान वर करून तो सारखा दिव्यांकडे बघत होता.

"डावीकडचा फडफडतोय," तो पुटपुटला.

म्हातारी गाता गाता थांबली. "गप बस. तुझंच लगीन हाय."

सगळा मांडव हसला. ताई हसली नाही. पडद्यावर मरायचं कसं ते तिला पाठ होतं. इथे हात कुठे ठेवायचे ते तिला सुचेना. शेवटी तिने नवऱ्याच्या सदऱ्याची कड धरली आणि गाणं संपेपर्यंत सोडली नाही.

वाहिनीच्या माणसाने भाग बघितला. त्याला आवडला, असं तो म्हणाला. मग म्हणाला, गाणं दोन ओळींचं करा, त्यावर आपलं शीर्षकगीत टाका. "आणि ताई, चाळिशीची नवरी लोक बघणार नाहीत. नायिकेचे क्लोजअप मध्ये घालू, कळणार नाही कोणाला."

"मावशीला कळेल," ताई म्हणाली.

तिने तो भाग दिला नाही. वाहिनीने मालिका बंद केली. भाग तिच्याकडेच राहिला.

आज फरशीच्या दुकानावर इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आहे. ताईचा माणूस गाडी चालवतो, ती शेजारी बसते, मागे पडदा आणि प्रोजेक्टर. दोघं पाड्यापाड्यांवर ते लग्न दाखवत फिरतात. धवलेरी आता गात नाही, दम लागतो तिला. तिचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं, तर ते त्या न कापलेल्या भागातच आहे. पाड्यांवर ते सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांना आदिवासींच्या लग्नात नुसते नाचणारे दिसतात, त्यांनी ते पाहावं, एवढंच ताईला हवंय, आणि ते अजून झालेलं नाही.

मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे हॉल मागितला.

"आदिवासी कार्यक्रम? छान की! गणपतीत ठेवू. पाहुणे आले की हे लोक गेटवर नाचतील."

"नाच नाही काका. एका लग्नाचं चित्रीकरण आहे. बसून बघायचं."

"कोणाचं लग्न?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "मग हॉल कशाला?" म्हणाले.

मला अख्ख्या इमारतीच्या भिंतींवर पत्रकं चिकटवावीशी वाटली. ताईला फोन केला, तर ती कुठल्याशा चढावर गाडीतून उतरली होती. "एकानेच नाही म्हटलंय ना? दुसऱ्याला विचार," म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणून आता तुम्हाला विचारते. वसईपासून विरारपर्यंत प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी हॉल आहे. सोसायटीचा, चर्चमागचा, देवळाचा, शाळेचा. पुढच्या बैठकीत उभे राहा आणि एक संध्याकाळ मागा. नाचणारे पाठवा म्हणाले, तर स्वच्छ नाही म्हणा. पडदा ताई आणेल, खुर्च्या तुम्ही मांडा. गाणं लांब आहे, सगळे शब्द कळणार नाहीत. दार लावून घ्या, आणि धवलेरी गायची थांबेपर्यंत कोणाला उठू देऊ नका.