काउंटरमागचं उंच स्टूल

धाकटे, तू रागावशील, तरी तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे. थोरल्या जावेचा एवढा हक्क असतो.

तुझा डावा पाय लहानपणापासून बारीक. पण कापडाच्या दुकानात तू असं सरळ कापड फाडायचीस की गिऱ्हाइकं तुझ्याच काउंटरवर थांबायची. बसायला सुताराकडून स्वतः करून घेतलेलं उंच स्टूल. नवा मॅनेजर आला आणि स्टूल गोदामात गेलं.

"गिऱ्हाइकासमोर बसणं बरं दिसत नाही, बाई."

तू उभी राहिलीस. पाय सुजला, हात मंदावले, आणि मंदावले म्हणून तुला काढून टाकलं. तू सरळ दावा ठोकलास! घरात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मागणी एकच: नोकरी परत हवी, स्टुलासकट.

तडजोडीच्या बैठकीला मी सोबत होते. मध्यस्थ पिकल्या केसांचे, भले गृहस्थ. पण येरझाऱ्या घातल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. आणि आपल्या सासूबाईंची शिस्त! मोठं माणूस उभं असताना सुनांनी बूड टेकायचं नाही. मी ती शिस्त कधीच गुंडाळून ठेवलेली. तू मात्र टेबलाची कड धरून उभी. तुझ्या वकीलबाईंनी खुर्ची पुढे सरकवली, तर म्हणालीस, "असू दे, बरी आहे मी."

कंपनीचा वकील हसला. "बाई मघापासून उभ्याच आहेत की! मग स्टूल कशाला हवं होतं?"

वकीलबाई भडकल्या. "सूज दाखवा यांना."

तू पाय टेबलाखाली ओढून घेतलास. मान जी खाली गेली, ती वर आलीच नाही. "कोर्टात लढू," त्या म्हणाल्या. "तिथेही हेच विचारतील, चार लोकांत," तू पुटपुटलीस आणि सही केलीस. नोकरी गेली. थोडे पैसे मिळाले, आणि स्टूल परत न्यायची मुभा.

जिन्यात म्हणालीस, "जाऊबाई, स्टूल आणायला याल ना माझ्याबरोबर?"

"रविवारी जाऊ."

रविवारी तू दारातच अडलीस. "तिथल्या मुली म्हणतील, बैठकीत तर हिला उभं राहता येत होतं. कुठल्या तोंडाने जाऊ?"

"लाज त्या मॅनेजरला वाटू दे!" मी फणकारले खरी. पण त्या मुलींच्या नजरा मलाही नको होत्या. पायात घातलेल्या चपला मी काढून ठेवल्या.

पुढच्या रविवारी जाऊ, असं ठरलं होतं. स्टूल अजून गोदामातच आहे.